दारिद्र्य आणि निःस्पृहता : आगरकरांची विद्यार्थिदशा व तिची फलश्रुती

गोपाळ गणेश आगरकर यांच्या विद्यार्थिदशेविषयीची एक आख्यायिका महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत असताना त्यांच्यापाशी एकच सदरा होता. तो ते रात्री धुऊन वाळत घालीत आणि सकाळी तोच अंगात घालून वर्गात जात, असे सांगतात. ही आख्यायिका सांगणाऱ्याचा रोख बहुधा दारिद्र्याच्या गौरवावर असतो. गरिबी सोसली म्हणून मनुष्य थोर झाला, असा तिचा सोपा अर्थ लावला जातो. परंतु आगरकरांचे समग्र चरित्र दृष्टीसमोर ठेवले तर दारिद्र्याला त्यांनी कधी सद्गुण मानल्याचे आढळत नाही. गरज माणसाच्या विवेकावर कितपत सत्ता गाजविते आणि ती सत्ता कशी झुगारून देता येते, हा त्यांच्या आयुष्यातील खरा नैतिक प्रश्न होता. हा प्रश्न त्यांच्यापुढे प्रथम उभा राहिला तो विद्यार्थी असताना. आणि त्याने त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील टेंभू या गावी झाला. घरची स्थिती हलाखीची. प्रारंभीचे शिक्षण कऱ्हाडास आजोळी झाले. पुढे शिकण्याची सोय तेथे नव्हती आणि बाहेरगावी पाठविण्याची ऐपत घरात नव्हती. मुलाने काही काळ कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात औषधे देण्याचे काम केले. शिक्षणासाठी रत्नागिरी गाठून पाहिली. तेथे निभाव लागला नाही तेव्हा पुन्हा कऱ्हाडास परतावे लागले. अखेर आप्तांच्या आधाराने वऱ्हाडात अकोल्यास जाणे झाले आणि तेथून १८७५ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले. शेक्सपिअरच्या ‘सिंबेलाइन’वरून ‘तारा’ हे नाटक रचणारे महाजनी आणि पुढे ‘हॅम्लेट’ला ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणणारे आगरकर यांचा हा संबंध वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

या भटकंतीत एक गोष्ट स्पष्ट दिसते. आगरकरांचे शिक्षण हे कोणा एकाच्या औदार्याचे फळ नव्हते. आजोळ, आप्त, शिक्षक अशा अनेकांच्या थोड्याथोड्या साह्यावर ते उभे राहिले. डेक्कन कॉलेजात आल्यावर शिष्यवृत्ती, निबंध व वक्तृत्वस्पर्धांतील बक्षिसे आणि वृत्तपत्रांतील लेखन यांची त्यात भर पडली. ‘वऱ्हाड समाचारा’साठी लेखन करून त्यांनी शिक्षणाचा काही खर्च भागविला. म्हणजे ज्या लेखणीने पुढे महाराष्ट्राच्या समाजजीवनात खळबळ उडविली, ती लेखणी प्रथम फीची आणि जेवणाची तरतूद करण्यासाठी चालली होती. पोटासाठी लिहावे लागले, तरी पोटाच्या सांगण्यावरून लिहावे लागू नये, हे भान त्यांच्या ठायी पुढे इतके तीव्र का होते, याचे मूळ येथे शोधता येते.

त्या काळात पदवीला काय मोल होते हे लक्षात घेतल्याशिवाय आगरकरांच्या पुढील निर्णयाचे वजन कळणार नाही. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत पदवीधर मोजकेच निर्माण झाले आणि त्यांना सरकारी शिक्षणखात्यात, न्यायखात्यात किंवा संस्थानांच्या दरबारात मानाच्या जागा सहज मिळत. गरीब घरातील मुलगा पदवीधर होणे म्हणजे त्या घराचे दैन्य फिटणे, असे समीकरण रूढ होते आणि ते अवास्तवही नव्हते. मुलाच्या शिक्षणासाठी आईबापांनी व नातलगांनी पोटाला चिमटा घेतलेला असे. त्याची परतफेड पगारातून व्हावी ही अपेक्षा कोणी बोलून दाखवीत नसे, पण ती सर्वांना ठाऊक असे. गरीब विद्यार्थ्याच्या खांद्यावर पुस्तकांबरोबर हेही ओझे असते. आगरकर १८७८ मध्ये बी. ए. झाले आणि इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन एम. ए. च्या अभ्यासाला लागले, तेव्हा त्यांचा विवाह झालेला होता. गृहस्थाश्रमाच्या जबाबदारीतून सुटका नव्हती.

याच सुमारास, १८७९ मध्ये, बाळ गंगाधर टिळक यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. टिळक तेव्हा कायद्याचा अभ्यास करीत होते. कॉलेजच्या परिसरात या दोघांचे जे दीर्घ संवाद झाले, त्यांतून सरकारी नोकरी न पत्करता शिक्षणाच्या कार्याला आयुष्य वाहून घेण्याचा निश्चय झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतील नोकरी सोडली होतीच; जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि एम. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर आगरकर या शाळेत दाखल झाले.

हा निश्चय दोघांनी मिळून केला असला तरी दोघांना त्याची किंमत सारखी पडली नाही. टिळकांचे वडील शिक्षणखात्यात अधिकारपदावर होते. ते लवकर वारले तरी मुलाच्या शिक्षणाची त्यांनी तरतूद करून ठेवली होती. आगरकरांच्या मागे असे काहीच नव्हते. टिळकांनी संपन्नतेची शक्यता नाकारली. आगरकरांनी त्याबरोबर आपल्या घराची दीर्घकाळ जपलेली आशाही नाकारली. परीक्षेच्या सुमारास त्यांनी आईला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मुलगा मोठ्या पगाराचा अधिकारी होईल हे स्वप्न आईने पाहू नये, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ आपण लोकांच्या हितासाठी घालविणार आहोत, असा त्या पत्राचा आशय आहे. निःस्पृहतेचा दाखला म्हणून या पत्राचा नेहमी उल्लेख होतो. परंतु ते पत्र आईला लिहिलेले आहे, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. जिच्या त्यागावर आपले शिक्षण झाले तिची अपेक्षाभंगाची वेदना गृहीत धरून, निर्णय तिच्यापासून लपवून न ठेवता तिला आधी सांगणे, हा त्या पत्रातील नैतिक आचरणाचा गाभा आहे. शिक्षणाचे ऋण त्यांनी नाकारले नाही. ते कोणाला आणि कोणत्या रूपात फेडावयाचे, एवढेच बदलले.

१८८१ च्या आरंभी ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली आणि आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक झाले. लवकरच त्यांच्या सचोटीची कसोटी लागली. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे हे तेथील तरुण महाराजांचा छळ करतात, असे सूचित करणारी पत्रे या वृत्तपत्रांनी छापली. ती बनावट ठरली. टिळक व आगरकर यांनी झाल्या गोष्टीबद्दल दिलगिरी व्यक्त केली, तरीही जुलै १८८२ मध्ये दोघांना शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर रोजी ते सुटले. हेतू शुद्ध असला तरी विधान खोटे असेल तर ते मागे घेतलेच पाहिजे, ही भूमिका लोकप्रियतेच्या ऐन भरात घेणे सोपे नव्हते. तुरुंगातील अनुभवांवरील पुस्तकात आगरकरांनी या काळाचे जे वर्णन केले आहे, त्यात हौतात्म्याचा आव नाही. कोठडीतील अडचणी आणि मित्रांमधील चर्चा यांचा सरळ वृत्तान्त आहे.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि जानेवारी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. आजीव सभासदांनी अल्प वेतनावर दीर्घकाळ सेवा करावी हे संस्थेचे तत्त्व होते. या संस्थेभोवती जमलेल्या मंडळींत दारिद्र्यातून वर आलेले विद्यार्थी अनेक होते. संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते वामन शिवराम आपटे यांचे मातृपितृछत्र लहानपणीच हरपले होते. गोपाळ कृष्ण गोखले यांचे शिक्षण वडील बंधूंच्या तुटपुंज्या पगारातून झाले होते. अशा माणसांनी आपल्याच इच्छेने पुन्हा अल्प वेतन पत्करावे, यात त्या पिढीचे तेज आहे. पण याच ठिकाणी वादाचे बीजही पडले.

१८८७ च्या सुमारास आगरकरांनी सभासदांच्या वेतनात किरकोळ वाढ व्हावी अशी मागणी केली. टिळकांना ती मूळ प्रतिज्ञेशी विसंगत वाटली. संस्थेच्या कार्याला वाहून घेतलेल्या माणसाने अधिक द्रव्याची वा बाहेरच्या प्राप्तीची अपेक्षा धरू नये, असा त्यांचा आग्रह होता. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावरील मतभेद आधीच विकोपाला गेले होते. त्यांत या आर्थिक वादाची भर पडली. आगरकरांनी त्याच वर्षी ‘केसरी’ सोडला, ऑक्टोबर १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि १८९० च्या अखेरीस टिळक संस्थेतून बाहेर पडले.

या वादात टिळकांची बाजू त्यागाची आणि आगरकरांची बाजू तडजोडीची, असे चित्र वरवर पाहणाऱ्याला दिसते. ते अपुरे आहे. ज्याने विद्यार्थिदशेत उपासमार जवळून पाहिली त्याला अभावाचे आकर्षण वाटण्याचे कारण नव्हते. दम्याने पोखरलेले शरीर, वाढता संसार आणि ठरावीक वेतन या परिस्थितीत थोडी अधिक प्राप्ती मागणे म्हणजे ध्येय सोडणे नव्हे. शिक्षकाला पोटापुरते मिळाले नाही तर तो आज ना उद्या कोणाच्या तरी मेहेरबानीचा शोध घेईल आणि त्या मेहेरबानीबरोबर त्याच्या मतांवरही बंधन येईल, हा विचार आगरकरांच्या बुद्धिवादी भूमिकेशी पूर्णपणे जुळणारा होता. मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांतून व्यक्तिस्वातंत्र्याचे तत्त्व आत्मसात केलेल्या या विचारवंताला त्या स्वातंत्र्याचा आर्थिक पाया दिसत नसता तरच नवल. टिळकांच्या आग्रहामागेही संस्थेच्या शुचितेची चिंता होती, हे नाकारण्याचे कारण नाही. मतभेद होता तो निःस्पृहतेच्या अर्थाविषयी : द्रव्यापासून दूर राहणे म्हणजे निःस्पृहता, की द्रव्याला आपल्या निर्णयावर सत्ता गाजवू न देणे म्हणजे निःस्पृहता.

भारतीय साहित्यांच्या व्यापक पटावर हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नव्हता. ईश्वरचंद्र विद्यासागर गरिबीत वाढले, शिष्यवृत्त्यांवर कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात शिकले आणि त्याच कॉलेजच्या प्राचार्यपदावरून १८५८ मध्ये बाजूला झाले. त्यांनी आपले स्वातंत्र्य ग्रंथलेखन व मुद्रण यांच्या उत्पन्नावर उभारले आणि ते उत्पन्न गरजूंसाठी मुक्तहस्ते खर्च केले. आगरकरांनंतरच्या पिढीत छत्तीसगढातील माधवराव सप्रे यांच्यापुढेही हाच पेच आला. मराठी कुटुंबात जन्मलेल्या, बिलासपूर व रायपूर येथे शिकलेल्या सप्र्यांनी पदवीनंतर सरकारी नोकरीचा मार्ग सोडून जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. पैशाअभावी ते तीन वर्षांत बंद पडले. १९०८ मध्ये ‘हिंदी केसरी’वरील राजद्रोहाच्या खटल्यात कुटुंबीयांच्या दडपणाखाली त्यांनी माफी मागितली आणि त्या शल्यापायी कित्येक वर्षे सार्वजनिक जीवनापासून अलिप्त राहून ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. आगरकरांची दिलगिरी सत्यासाठी होती, सप्र्यांची आप्तांच्या जिवासाठी. पण स्वतःच्या वर्तनाचा हिशेब स्वतःच मांडण्याची वृत्ती दोघांत एकच आहे.

‘सुधारका’च्या वर्षांत आगरकरांनी संमतिवय, विधवांची स्थिती, स्त्रीशिक्षण, अंधरूढी यांवर जे लिहिले त्यामुळे पुण्यात त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. अशा वेळी बहिष्कृताला उत्पन्नाचा आधार लागतो. तो त्यांना त्याच मर्यादित वेतनाने दिला. ऑगस्ट १८९२ मध्ये आपट्यांच्या निधनानंतर ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. कऱ्हाडच्या कचेरीत उमेदवारी करणारा मुलगा आता महाविद्यालयाच्या सर्वोच्च आसनावर होता आणि राहणी मात्र पूर्वीइतकीच साधी होती. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, दम्याच्या विकाराने त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी एका पुरचुंडीत बांधून वेगळे ठेवले होते, असे सांगतात.

मृत्यूनंतरही कोणाचे देणे राहू नये ही त्यामागची वृत्ती आहे आणि तीच त्यांच्या विद्यार्थिदशेची खरी फलश्रुती होय. गरिबीने त्यांना थोर केले नाही; अकाली गेलेले त्यांचे आयुष्य गरिबीने बहुधा अधिकच खुडले. गरजू विद्यार्थ्याला त्यांच्या चरित्रातून मिळणारा बोध उपाशी राहण्याचा नाही. साह्य घ्यावे, कष्ट करून मिळवावे, योग्य मोबदला मागतानाही संकोचू नये. मात्र आपले मत त्या बदल्यात देऊ नये, हा तो बोध आहे. आणि विद्यार्थ्याच्या सचोटीची अपेक्षा करणाऱ्या संस्थांनाही त्यातून एक प्रश्न उरतो : ज्याच्याकडून आपण निःस्पृहता मागतो, त्याच्या पोटाची काळजी आपण घेतली आहे काय?