सहा डिसेंबरचं अर्धवट भाषण

स्मरणिकेसाठी शाळेची एखादी आठवण लिही, असा निरोप आला. सहली, स्नेहसंमेलन, मधल्या सुट्टीतल्या चिंचा यांवर बाकीचे लिहितीलच. मला एक जुनं देणं फेडायचं आहे.

आपण नववीत होतो. सहा डिसेंबरला प्रार्थनेनंतर मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर भाषण केलं होतं. भाषण कसलं, पाठांतर. शेवटी एका दमात पदव्या म्हटल्या: एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ, एलएल.डी. टाळ्या पडल्या. वर्गाकडे जाताना इतिहासाच्या सरांनी मला व्हरांड्यात थांबवलं आणि विचारलं की यातली कोणती पदवी त्यांना सगळ्यात जड गेली असेल. मी नुसता बघत राहिलो. सर काही बोलले नाहीत, हजेरीपट घेऊन पुढे गेले.

तो प्रश्न मी विसरूनही गेलो होतो. पुढे इंजिनीअरिंगला गेलो. आपल्या शाळेत पहिल्या पाचांत असणारा मी, पहिल्याच सत्रात दोन विषयांत केटी लागली. घरी सांगायची लाज वाटून दिवाळीला होस्टेलवरच राहिलो. मेस बंद, पोरं गावाला गेलेली. वेळ घालवायला ग्रंथालयातून धनंजय कीरांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं चरित्र आणलं. त्यातली विद्यार्थिदशेची पानं मी तेव्हापासून किती वेळा वाचली असतील, मोजदाद नाही.

साताऱ्याच्या शाळेत वर्गाबाहेर गोणपाटावर बसवलेला मुलगा, मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली मॅट्रिक, केळुसकर गुरुजींनी ओळखलेली बुद्धी, सयाजीराव गायकवाडांची मदत, १९१२ साली बी.ए.; हे आपण सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. १९१३च्या फेब्रुवारीत वडील रामजी गेले. त्याच जुलैत बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. वय बावीस. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार.

मला आवडलेली गोष्ट इथे आहे. कोलंबियात पाऊल ठेवल्या ठेवल्या त्यांनी पुस्तकांत डोकं खुपसलं, असं झालं नाही. पहिल्या वसतिगृहातलं जेवण घशाखाली उतरेना, म्हणून ते सोडलं. मग कॉस्मोपॉलिटन क्लबात, पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला, तो जन्माचा. सुरुवातीचे काही महिने हिंडण्यात, नाटकं बघण्यात, मित्रांच्या गप्पांत गेले. जाणारच हो! एका टेबलावर सगळ्यांबरोबर जेवायचं, कुणी जात विचारायची नाही, पाण्याला हात लावला म्हणून कुणी ओरडायचं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा मिळालेली ती मोकळीक होती. तिच्यात चार दिवस रमले म्हणून त्यांना कोण नावं ठेवील?

एका रात्री मात्र त्यांच्या मनाने हिशेब मांडला. आपण इथे कुणाच्या पैशावर आलो, घरी रमाबाई कशा ओढाताणीत संसार करताहेत, हातात वर्षं किती. त्यानंतरचा भीमराव वेगळाच. दिवसाचे अठरा अठरा तास अभ्यास. तीन वर्षांत घेतलेल्या विषयांची यादी बघून मी केटीवाला थक्क झालो होतो: अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन. पदवीला एवढं लागत नव्हतं. शिकवायला जॉन ड्यूई, सेलिग्मन यांच्यासारखी माणसं आहेत, तर बसून घ्यावं, एवढाच हिशेब असावा. उरलेला पैसा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाई. पुस्तकं दोन हजारांच्या घरात गेली.

जून १९१५मध्ये प्राचीन भारतातल्या व्यापारावरच्या प्रबंधाला एम.ए. मिळाली. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. एरवी ज्या विषयावर ते बोलले असते तर गावात मार खाल्ला असता, तो विषय परदेशी प्राध्यापकांसमोर पुराव्यांनिशी मांडला. वय पंचवीस.

मग लंडन. स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही. आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन पुरा करता येईल, एवढी परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान ज्या जहाजावर होतं ते टॉर्पेडोने बुडालं. पुढे बडोद्यात काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. शिपाई फायली लांबून टाकत, आणि राहायला मिळालेल्या पारशी खानावळीतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. कोलंबियाचा एम.ए. झाडाखाली बसून रडला.

इथे बहुतेक माणसं थांबली असती. मी तर दोन विषय राहिले तेव्हाच थांबायला निघालो होतो. गावी येऊन भावाच्या दुकानात बसावं असं चाललं होतं मनात.

१९१८च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार बरा होता, पण राहणं परळच्या चाळीतच. पैसा साठवायचा तो लंडनसाठी. थोडी मदत शाहू महाराजांची, पाच हजार रुपये नवल भथेनाकडून उसने. जुलै १९२०मध्ये, चार वर्षांची मुदत संपण्याआधी, ते पुन्हा लंडनला पोचले.

हे दुसरं लंडन कोलंबियासारखं नव्हतं. खानावळीची बाई हात आखडून वाढणारी. सकाळी पावाचा तुकडा, थोडी मासळी, कपभर बोव्हरिल. की निघाले ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. दार उघडायच्या वेळी आत, बंद व्हायच्या वेळी बाहेर. दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत. रात्री दहाच्या सुमारास पोटात आग पडली की एका ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचं. खोलीतले सोबती अस्नोडकर झोपा म्हणून विनवत. माझ्या त्या दिवाळीत मेस बंद असल्याने मी बिस्किटांवर होतो, म्हणून असेल, ते पापड माझ्या डोक्यातून कधी गेले नाहीत. बिस्किटांची आणि पापडांची तुलना होत नाही, हे मलाही कळतं.

१९२१ साली एम.एस्सी. झाली. ऑक्टोबर १९२२मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला. मार्च १९२३मध्ये तो परत आला; पुन्हा लिहा म्हणून. ब्रिटिश सरकारच्या चलनधोरणावरची टीका परीक्षकांना झोंबली, असं सांगतात. पैसे संपलेले. एप्रिलमध्ये मुंबईला परतावं लागलं. घरात माणसं, खर्च, वकिलीची सुरुवात व्हायची, आणि टेबलावर परत आलेला प्रबंध. त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष तेच ठेवले, आणि प्रबंध मुंबईहून लंडनला पाठवला. नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला. त्याच वर्षाअखेर तो पुस्तकरूपाने निघाला तेव्हा प्रा. कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, काही मुद्दे पटत नसतानाही.

मी जी यादी एका दमात म्हटली होती तिच्यातली कोलंबियाची पीएच.डी. तर १९२७ साली हातात आली, प्रबंध छापून दिल्यावर. एलएल.डी. त्याच कोलंबियाने १९५२मध्ये बोलावून दिली. त्या एका दमात जवळजवळ चाळीस वर्षं होती.

दिवाळीनंतर मी घरी पत्र लिहून निकाल कळवला. दोन्ही विषय उन्हाळ्यात सुटले, एक काठावर.

सर, तुम्ही मेळाव्याला येणार असल्याचं कळलं. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर डी.एस्सी. असं आहे. पटलं नाही तर जेवताना सांगा, मी तुमच्या शेजारचीच जागा धरून ठेवणार आहे.