चेंडूचा विटाळ नाही, चहाचा मात्र विटाळ!

देवळाली प्रवरा येथे कार्यकर्त्यांशी बोलत असताना एका तरुणाने आम्हाला विचारले, की आपली पोरे गल्लीत चांगली खेळतात, पण मोठ्या संघात गेली की त्यांचा खेळ का पडतो? या प्रश्नाला उत्तर म्हणून आम्ही त्याला पळवणकर बाळूंचे चरित्र सांगितले. तेच येथे मांडतो.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडचा. जात चांभार, वडील लष्कराच्या नोकरीत. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबमध्ये मैदान झाडणे आणि रोलर फिरवणे हे बाळूंचे पहिले काम. पगार महिना तीन रुपये. पुढे 1892च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात आले. तेथे खेळपट्टी तयार करायची, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करायची. कॅप्टन ग्रेग हा नामांकित फलंदाज त्यांच्याच गोलंदाजीवर सराव करी. डावखुरी फिरकी अशी घडत गेली. मात्र बाळूंच्या हाती बॅट कोणी दिली नाही. खेळपट्टी कुठे वळण देते हे ती रोज झाडणाऱ्याइतके कुणाला कळणार, असे आम्हाला वाटते.

बाळूंची कीर्ती झाली तेव्हा पुण्याच्या हिंदू संघापुढे पेच पडला. गोऱ्यांना हरवायचे तर बाळू हवा, पण त्याला शिवायचे कसे? शेवटी जिंकण्याची हाव विटाळावर मात करून गेली. बाळूंना घेतले, पण ते मैदानापुरतेच. त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण क्षेत्ररक्षक झेलत. चहाची वेळ झाली की हेच खेळाडू पॅव्हेलियनमध्ये बसत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळेच.

वाचकांनी याचा जरा विचार करावा. गोलंदाज एकट्याने बळी घेत नाही. स्लिपमधला झेल, यष्टिरक्षकाची समज, कोणाला कुठे उभे करायचे यावर कप्तानाशी होणारे बोलणे, हे सारे त्याला लागते. ज्याच्याशी कोणी जेवत नाही त्या नवख्याने कप्तानाला काय सुचवावे? कोर्टात आम्ही नव्या वकिलांचे पाहतो. ज्याला बाररूममध्ये खुर्ची मिळत नाही, त्याचा आवाज न्यायाधीशासमोरही चाचरतो.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. धाकटे बंधू शिवरामही त्या संघात होते. आपले माणूस शेजारी असले की खेळाडूची छाती किती रुंदावते, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला. महाराज मैदानापेक्षा मेजवान्यांत अधिक रमले, संघ बहुतेक सामने हरला. त्या मोडक्या संघात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या मानपत्राशी तरुण भीमरावांचे नाव जोडले जाते.

एवढे करूनही कप्तानपद बाळूंना मिळाले नाही. 1920 साली तर त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी निषेध म्हणून आपणही खेळण्यास नकार दिला. या दबावामुळे बाळू संघात परतले, तेही उपकप्तान म्हणून. 1923 मध्ये विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली.

आता चळवळीच्या वाचकाला खटकणारी गोष्ट. ती आम्ही झाकणार नाही. 1932 मध्ये बाळू स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात उभे राहिले आणि पुणे करारावर त्यांचीही सही आहे. 1937च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. आमच्या मते ही बाळूंची चूक होती. पण ज्याने आयुष्यभर सवर्णांच्या संघात जागा मागितली, त्याला स्वतःचा वेगळा संघ बांधण्याचा विचार पटणे कठीणच होते. काँग्रेसनेही हिंदू जिमखान्याप्रमाणे गोलंदाजीपुरतेच त्यांना घेतले.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. बाबासाहेबांची धम्मदीक्षा तेव्हा सव्वा वर्षावर आली होती.