तोंड आलंय? मग सुब्बारावांना भेटा

सबमिशन, जागरण, मेसची तिखटजाळ भाजी आणि मग एक दिवस तोंड येतं. पाणी प्यायलं तरी झोंबतं. रूममेट बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप पुढे करतो. ती उलटी करून बघा. बऱ्याच स्ट्रिप्सवर 'फॉलिक ॲसिड' सापडेल. ते प्रयोगशाळेत बनवणाऱ्या टीमचा प्रमुख आपला भारतीय होता, हे तुम्हाला माहीत होतं?

येल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, आंध्रातलं भीमावरम. मॅट्रिकला दोनदा नापास! (एटीकेटीवाल्यांनो, ऐकताय ना?) पुढे मद्रास मेडिकल कॉलेजात असताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन ते खादी घालू लागले. सर्जरीच्या इंग्रज प्राध्यापकांना ते खटकलं आणि एमबीबीएसऐवजी हाती पडली दुय्यम एलएमएस पदवी.

त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतरानं गेले. आजार होता स्प्रू, आपल्याकडच्या संग्रहणीसारखा. यात आतडी अन्न शोषून घेत नाहीत, जुलाब थांबत नाहीत, जीभ सोलवटते, तोंडभर फोड येतात, रक्त आटतं. नंतर सुब्बारावांनाही तोच आजार झाला. आयुर्वेदिक उपचारांनी ते वाचले. पण हा आजार डोक्यातून गेला नाही.

१९२३ मध्ये ते बोस्टनला पोचले. हार्वर्डमध्ये शिकायचं आणि पोटासाठी रात्री हॉस्पिटलात हमाली करायची. फिस्के यांच्याबरोबर त्यांनी शोधलेली फॉस्फरस मोजण्याची पद्धत बायोकेमिस्ट्रीवाल्यांना आजही भेटते. तरी हार्वर्डनं कायम केलं नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली कंपनीत गेले.

आता जरा मुंबईत या. १९२८ च्या सुमारास लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथल्या गरोदर कामगार बायकांचा ॲनिमिया अभ्यासत होती. यीस्टपासून बनलेल्या मार्माइटनं त्या बऱ्या होत होत्या. त्यात नेमकं काय होतं? फोलेट. १९४५ मध्ये सुब्बारावांच्या टीमनं तेच फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केलं. लवकरच स्प्रूच्या रुग्णांना ते दिलं गेलं आणि सोलवटलेल्या जिभा भरून आल्या. भावांसाठी मात्र फार उशीर झाला होता.

म्हणून गोळी जादूची समजू नका. फोलेट, बी-१२ किंवा लोह कमी असल्यानं तोंड येत असेल, तर ती कमतरता भरून काढल्यावर फरक पडतो. कारण दुसरंच असेल, तर स्ट्रिप संपेल आणि फोड तिथेच राहतील. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं, तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. सारखं तोंड येत असेल तर रक्त तपासा. फोड तीन आठवड्यांत भरला नाही, तर डॉक्टरकडे जाच.

सुब्बाराव १९४८ मध्ये, ५३ व्या वर्षी अमेरिकेतच हृदयविकारानं गेले. पत्नी भारतातच राहिली होती. ते परत आलेच नाहीत आणि मला तरी त्यांच्या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात जास्त टोचतो.