पाखरापासून पंढरपूरपर्यंत : साने गुरुजी

सुरत शहराच्या कडेला डिंडोली म्हणून वस्ती आहे. कापडाच्या कारखान्यांत कामधंदा शोधीत आलेली धुळे, जळगाव, नंदुरबारकडील असंख्य मराठी कुटुंबे डिंडोली, उधना, लिंबायत या परिसरात स्थायिक झाली आहेत. जानेवारीत उत्तरायण आले म्हणजे सुरतेचे आकाश पतंगांनी भरून जाते आणि मांज्याने पंख कापलेली कबुतरे गच्चीवर, रस्त्यावर येऊन पडतात. अशा वेळी लहान मुलांकडे पाहावे. क्षणापूर्वी पतंग काटण्यात दंग असलेला मुलगा हातातील फिरकी टाकून पाखराकडे धावतो. कोणी वाटीत पाणी आणतो, कोणी दाणे आणतो. ही दया त्यांना कोणी शिकवलेली नसते. ती जन्माबरोबरच आलेली असते. मग मोठेपणी ती कोठे जाते?

या प्रश्नाचे उत्तर ज्या एका चरित्रात सापडते, ते चरित्र साने गुरुजींचे. डिंडोलीकर ज्या गाडीने गावी जातात, त्याच उधना-जळगाव लोहमार्गावरील अमळनेर ही गुरुजींची कर्मभूमी होय.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, पण वडिलांच्या काळात वैभव ओसरले, कर्ज झाले आणि मुलाने दारिद्र्यच पाहिले. आई यशोदाबाई. तिच्या आठवणी पुढे गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या अवघ्या पाच दिवसांत लिहून काढल्या. श्याम नावाच्या मुलाच्या तोंडून सांगितलेल्या त्या आठवणी म्हणजेच 'श्यामची आई'.

या पुस्तकात माणसांइतकीच मुकी जनावरेही वावरतात. घरात मोरी गाय आहे. ती आईच्या हातालाच दूध देते, दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नाही. मथी नावाचे मांजर आहे. आई गेल्यावर ते अन्न सोडते आणि दोन-तीन दिवसांतच प्राण सोडते. घरट्यातून पडलेले, पंखही न फुटलेले एक पिल्लू आहे. श्याम आणि त्याची भावंडे ते वाचावे म्हणून जिवाचे रान करतात, पण ते वाचत नाही. मुले हळहळतात. एवढ्याशा पाखरासाठी काय रडता, असे आई म्हणत नाही. ती त्या दुःखाचा मान राखते. पण पाखरावर दाखवलेली ही माया भावंडांनी एकमेकांनाही द्यावी, असे ती मुलांना सुचविते.

येथेच त्या माउलीचे थोरपण आहे. तिने मुलाच्या मनात दया पेरली नाही. ती तेथे होतीच. तिने तिला कुंपण घालू दिले नाही. पाखरावरून भावंडांवर, आणि भावंडांवरून गावाबाहेरच्या माणसांवर तिने ती नेली. अस्पृश्य मानलेल्या समाजातील एका म्हाताऱ्या बाईची मोळी वाटेत पडलेली दिसताच तिने श्यामला ती उचलून देण्यास पाठवले. त्या काळच्या रीतीप्रमाणे घरी आल्यावर स्नानही करावयास लावले. रूढीला ती पुरती ओलांडू शकली नाही. पण रूढीपुढे करुणा अडू द्यायची नाही, एवढे तिने केले.

१९१७ साली आई गेली. मुलाने पुढे पुण्यात हालअपेष्टा सोसून शिक्षण पुरे केले आणि १९२४ साली तो अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाला. छात्रालयाची जबाबदारी अंगावर येताच गुरुजी मुलांच्या खोल्या झाडू लागले, त्यांचे कपडे धुऊ लागले, आजारी मुलाच्या उशाशी बसू लागले. मुलांसाठी रोज हाताने दैनिक लिहून काढण्याचा उद्योगही त्यांनी केला. आईने जे दिले तेच ते वाटत होते. १९३० साली नोकरी सोडून त्यांनी स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंग झाले. त्रिचनापल्लीला निरनिराळ्या प्रांतांतील कैद्यांच्या सहवासात त्यांनी त्यांच्या भाषांची ओळख करून घेतली आणि पुढे तमिळ 'कुरल' मराठीत आणले.

आता पुन्हा आपला मूळ प्रश्न. सुरतेत सतराव्या शतकातही पांगळ्या, म्हाताऱ्या जनावरांसाठी रुग्णालय होते, याची नवलाईने नोंद युरोपीय प्रवाशांनी केली आहे. आपल्या घरोघरी गाईला घास निघतो, मुंग्यांना साखर पडते. आणि याच देशात माणसाला पाणवठ्यावरून हाकलले जात होते, देवाच्या दारातून परतवले जात होते. मुकी दया आपल्याकडे पुष्कळ होती, पण ती पाखराशी येऊन थांबली होती. गुरुजींना हे सहन झाले नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात प्राण पणास लावून उपोषण आरंभिले. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले. पालगडच्या अंगणात पिल्लासाठी रडलेला मुलगाच तेथे उपाशी बसला होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रे या शेवटच्या वर्षांतील आहेत. भारतातील सर्व भाषिकांनी एकमेकांच्या भाषा प्रेमाने शिकाव्यात, ही आंतरभारतीची कल्पनाही याच काळातील. मराठी आणि कन्नड ज्या अंकात शेजारी बसतात, त्या अंकाच्या वाचकांना ती वेगळी समजावून सांगायला नको. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. जगाचे दुःख इतके जवळ घेणाऱ्या मनाला स्वतःचे दुःख कोठे ठेवावे हे उमगले नसेल काय? त्यांच्या जाण्याचा विचार करताना मन आजही अस्वस्थ होते. अशा माणसाला कोणीतरी जपायला हवे असते, हेही त्यातून शिकावे.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील, आईबाप होतील. कधी एखादे मूल जखमी पाखरू घेऊन दारात येईल. त्या वेळी अभ्यास सोडून हे काय आणलेस म्हणून त्याच्यावर ओरडू नये. वाटीभर पाणी द्यावे, पाखराला ठेवायला जागा करून द्यावी, आणि मग हळूच त्याचे लक्ष शेजारच्या उपाशी घराकडेही वळवावे. यशोदाबाईंनी याहून निराळे काही केले नव्हते.