होक स्मिथ

मायकेल होक स्मिथ (२ सप्टेंबर १८५५ – २७ नोव्हेंबर १९३१) हे अमेरिकेतील वकील, वृत्तपत्रमालक व डेमोक्रॅटिक पक्षाचे राजकारणी होते. ते जॉर्जिया राज्याचे दोन वेळा गव्हर्नर आणि १९११ ते १९२१ या काळात सिनेटर होते. हायस्कूलमध्ये शेती हा विषय शिकवण्यासाठी केंद्र सरकारचे कायमस्वरूपी अर्थसाहाय्य देणाऱ्या १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याचे ते एक जनक मानले जातात.

प्रारंभिक जीवन

स्मिथ यांचा जन्म नॉर्थ कॅरोलायनातील न्यूटन येथे झाला. वडील होसिया स्मिथ शिक्षक होते आणि होक यांचे शिक्षण मुख्यतः त्यांच्याच हाताखाली झाले. १८७२ मध्ये कुटुंब अटलांटाला आले. पुढच्याच वर्षी, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आतच, स्मिथ यांना वकिलीची सनद मिळाली. रेल्वे कंपन्यांविरुद्ध जखमी कामगार व प्रवाशांचे दावे चालवून त्यांनी नाव व पैसा मिळवला. १८८७ मध्ये त्यांनी अटलांटा जर्नल हे वृत्तपत्र विकत घेतले.

राजकीय कारकीर्द

राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी १८९३ मध्ये त्यांना इंटिरियर खात्याचे मंत्री केले. १८९६ मध्ये ब्रायन यांच्या उमेदवारीच्या प्रश्नावरून त्यांनी राजीनामा दिला. १९०६ च्या गव्हर्नरपदाच्या प्रचारात त्यांनी रेल्वे कंपन्यांवरील नियंत्रणाबरोबरच कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेण्याचा पुरस्कार केला. या विखारी प्रचाराने तापलेल्या वातावरणात सप्टेंबर १९०६ मध्ये अटलांटात वांशिक दंगल उसळली. त्यांच्या कारकिर्दीत कैद्यांना मजुरीसाठी भाड्याने देण्याची पद्धत बंद झाली. परंतु १९०८ च्या घटनादुरुस्तीने राज्यातील बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदानापासून वंचित झाले.

शेती शिक्षणाचे कायदे

१९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषी महाविद्यालयांमार्फत शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान पोहोचवणारी विस्तारसेवा सुरू झाली. त्याच वर्षी व्यवसाय शिक्षणास राष्ट्रीय साहाय्य देण्याचा विचार करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद स्मिथ यांच्याकडे आले. आयोगाच्या शिफारशींवर आधारलेले विधेयक त्यांनी सिनेटमध्ये, तर जॉर्जियाचेच डडली ह्यूज यांनी प्रतिनिधिगृहात मांडले. २३ फेब्रुवारी १९१७ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

या कायद्यानुसार शेती शिक्षक, पर्यवेक्षक व संचालक यांच्या वेतनासाठी पहिल्या वर्षी ५ लाख डॉलर आणि टप्प्याटप्प्याने वाढवत १९२६ पासून दरवर्षी ३० लाख डॉलर देण्याची तरतूद झाली. निधीची वाटणी ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात होई आणि राज्याला तेवढीच रक्कम स्वतः घालावी लागे. शिक्षण महाविद्यालयीन पातळीच्या खालचे व १४ वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी असे. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम करणे बंधनकारक होते. ते शाळेच्या किंवा अन्य शेतावर करता येई. त्यामुळे घरच्या शेतातील पीक वा जनावरांचे संगोपनही अभ्यासाचा भाग बनले आणि विद्यार्थ्यांच्या शेतांना भेटी देणे शिक्षकाच्या कामात आले.

टीका

निधीचा विनियोग राज्य मंडळांच्या हाती असल्याने वांशिक विभाजन असलेल्या दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या शाळांना तुटपुंजा वाटा मिळाला. स्मिथ-लीव्हर कायद्यातही कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या वाट्याची हमी नव्हती. व्यवसाय शिक्षण सामान्य शिक्षणापासून वेगळे पडल्याचा आक्षेपही घेतला गेला.

अखेर व वारसा

१९२० च्या निवडणुकीत टॉम वॉटसन यांनी स्मिथ यांचा पराभव केला. त्यानंतर ते वकिलीकडे वळले. अटलांटा येथे त्यांचे निधन झाले. या कायद्यामुळे वाढलेल्या शेती वर्गांतूनच १९२८ मध्ये फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका ही विद्यार्थी संघटना उभी राहिली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका ही वेगळी संघटना १९६५ मध्ये तिच्यात विलीन झाली.