फ्लॉरेन्स बॅस्कम

फ्लॉरेन्स बॅस्कम (जन्म : विल्यम्सटाउन, मॅसॅच्युसेट्स, अमेरिका, १४ जुलै १८६२, मृत्यू : १८ जून १९४५) या अमेरिकन भूशास्त्रज्ञ व प्राध्यापिका होत्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची पीएच.डी. मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला, तसेच अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने (यूएसजीएस) नेमलेल्या पहिल्या महिला भूशास्त्रज्ञ होत. पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयात त्यांनी भूशास्त्र विभाग उभारला. प्रत्यक्ष खडक हाताळणे, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे परीक्षण करणे आणि क्षेत्रात जाऊन नकाशे तयार करणे यांवर त्यांच्या अध्यापनाचा भर होता. या शिक्षणातून अमेरिकेतील महिला भूशास्त्रज्ञांची पहिली मोठी पिढी घडली.

बालपण आणि शिक्षण

फ्लॉरेन्स यांचे वडील जॉन बॅस्कम हे विल्यम्स महाविद्यालयात प्राध्यापक होते, तर आई एमा कर्टिस बॅस्कम या महिलांच्या मताधिकाराच्या पुरस्कर्त्या होत्या. १८७४ साली जॉन बॅस्कम विस्कॉन्सिन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि कुटुंब मॅडिसन येथे आले. स्त्रीपुरुषांना एकत्र शिक्षण मिळावे, या मताचे ते होते. तरीही त्या काळी विद्यार्थिनींना ग्रंथालय व व्यायामशाळा यांचा वापर मर्यादित प्रमाणातच करता येत असे. फ्लॉरेन्स यांनी १८८२ साली कला व साहित्य या विषयांतील, १८८४ साली विज्ञानातील पदवी घेतली. रोलंड अर्व्हिंग व चार्ल्स व्हॅन हाइस यांच्या मार्गदर्शनाखाली भूशास्त्राचा अभ्यास करून १८८७ साली त्यांनी विज्ञानाची पदव्युत्तर पदवी मिळविली.

पडद्याआडची विद्यार्थिनी

खडकांचे सूक्ष्मदर्शकीय परीक्षण हे त्या काळी नव्याने विकसित होणारे शास्त्र होते. त्यासाठी खडकाचा तुकडा घासून सुमारे ०.०३ मिलिमीटर इतका पातळ करतात. एवढ्या पातळ छेदातून प्रकाश आरपार जातो आणि ध्रुवित प्रकाशात प्रत्येक खनिज आपापले रंग व गुणधर्म दाखवते. या पद्धतीचे जाणकार जॉर्ज हंटिंग्टन विल्यम्स हे बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवत. ते विद्यापीठ महिलांना रीतसर प्रवेश देत नसल्याने बॅस्कम यांना १८९१ साली विशेष परवानगी घेऊन तेथे शिकावे लागले. पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होऊ नये, म्हणून त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात पडद्यामागे बसविले जाई.

दरम्यान साउथ माउंटन या डोंगररांगेतील खडकांवर त्यांचे संशोधन चालू होते. गाळापासून बनलेले मानले गेलेले तेथील काही खडक मुळात ज्वालामुखीच्या लाव्हापासून तयार झाले असून नंतर त्यांचे रूपांतरण झाले आहे, असे त्यांनी पातळ छेदांच्या आधारे दाखवून दिले. असे बदललेले, पण मूळ रचनेच्या खुणा टिकवून असलेले खडक ओळखण्यासाठी त्यांनी ‘अपोरायोलाइट’सारख्या संज्ञा सुचविल्या. १८९३ साली त्यांना पीएच.डी. प्रदान करण्यात आली.

ब्रिन मॉर येथील अध्यापन

ओहायो राज्य विद्यापीठात दोन वर्षे शिकविल्यानंतर १८९५ साली बॅस्कम ब्रिन मॉर महाविद्यालयात रुजू झाल्या. तेथे भूशास्त्र हा इतर विज्ञानांना पूरक विषय समजला जात होता. त्यामुळे त्याच्यासाठी स्वतंत्र दालन नव्हते. विज्ञान विभागाच्या नव्या इमारतीतील सामान ठेवण्याची जागा बॅस्कम यांच्या वाट्याला आली. सुमारे दोन वर्षांत त्यांनी तेथे खनिजे, खडक व जीवाश्म यांचा मोठा संग्रह जमविला. १८९९ च्या सुमारास विषयाचे मुख्य स्थान काढून तो केवळ ऐच्छिक ठेवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यांनी पद सोडण्याची तयारी दाखविली. अखेर विषयाचे स्थान कायम राहिले. पुढे स्वतंत्र विभाग आकारास आला, पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले आणि १९०६ साली बॅस्कम पूर्ण वेतनश्रेणीच्या प्राध्यापक झाल्या.

महाविद्यालयाचा परिसर अध्यापनाला अनुकूल होता. फिलाडेल्फियाजवळचा हा भाग पिडमाँट या पठारी प्रदेशात मोडतो. तेथे नाइस, शिस्ट यांसारखे रूपांतरित खडक ओढ्यांच्या काठी व खाणींमध्ये उघडे पडलेले दिसतात. विद्यार्थिनींनी प्रथम खडक जागेवर पाहावा, त्याच्या थरांची दिशा व उतार मोजावा, नमुना फोडून आणावा आणि मग प्रयोगशाळेत त्याचा पातळ छेद तपासावा, असा हा अभ्यासक्रम होता. निरीक्षणे नकाशावर मांडल्यावरच एखाद्या खडकाचे शेजारच्या खडकाशी असलेले नाते स्पष्ट होते. पाठ्यपुस्तकातील वर्णनापेक्षा स्वतः मिळविलेला पुरावा महत्त्वाचा, ही शिस्त अशा कामातून लागत असे.

स्वतःचे ज्ञान अद्ययावत ठेवण्यासाठी बॅस्कम १९०६-०७ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गेल्या आणि व्हिक्टर गोल्डश्मिट यांच्याकडे त्यांनी स्फटिकविज्ञानाचा अभ्यास केला.

सर्वेक्षणातील कार्य

१८९६ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने त्यांना साहाय्यक भूशास्त्रज्ञ म्हणून नेमले. उन्हाळ्यात क्षेत्रकार्य आणि हिवाळ्यात अध्यापन व छेदांचे परीक्षण, असा त्यांचा क्रम अनेक वर्षे चालला. पेनसिल्व्हेनिया, मेरिलँड व न्यू जर्सी यांच्या काही भागांचे नकाशे त्यांनी तयार केले. फिलाडेल्फिया व ट्रेंटन (१९०९), तसेच एल्कटन-विल्मिंग्टन (१९२०) या विभागांच्या नकाशासंचांत त्यांचा सहभाग होता.

विद्यार्थिनी आणि मतभेद

बर्नार्ड महाविद्यालयात भूशास्त्र विभाग उभारणाऱ्या आयडा ओगिल्व्ही, पुराजीवशास्त्रज्ञ जुलिया गार्डनर, तसेच अ‍ॅना जोनास व एलिनोरा ब्लिस या त्यांच्या नामवंत विद्यार्थिनी होत. १९३७ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या ११ महिला अधिछात्रांपैकी ८ जणी ब्रिन मॉरच्या पदवीधर होत्या.

जोनास व ब्लिस यांनी विसाहिकन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिस्टसमूहाचा अभ्यास करून त्याचे वय व रचना यांविषयी बॅस्कम यांच्याहून वेगळे निष्कर्ष मांडले. बॅस्कम यांना ते मान्य झाले नाहीत आणि हा वाद दीर्घकाळ चालला. गुरूच्या मताला विरोध करताना या दोघींनी वापरलेली साधने, म्हणजे क्षेत्रातील निरीक्षण, नकाशा आणि सूक्ष्मदर्शक, त्यांना बॅस्कम यांच्याच वर्गात मिळाली होती.

सन्मान आणि अखेरचा काळ

१८९४ साली बॅस्कम अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या अधिछात्र झाल्या. १९२४ साली संस्थेच्या कार्यकारी मंडळावर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला होत्या आणि १९३० साली त्यांनी उपाध्यक्षपद भूषविले. १९०६ च्या ‘अमेरिकन मेन ऑफ सायन्स’ या चरित्रकोशात देशातील अग्रगण्य भूशास्त्रज्ञांत त्यांची गणना झाली. १९२८ साली त्या अध्यापनातून निवृत्त झाल्या, तरी सर्वेक्षणाचे काम त्यांनी १९३६ पर्यंत चालू ठेवले. १९४५ साली मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. ६०८४ बॅस्कम हा लघुग्रह आणि शुक्रावरील एक विवर यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे.