मातीचे मोल जाणणारे जोतीराव

आषाढसरी कोसळू लागल्या, की उल्हास आणि काळू या नद्यांचे पाणी तांबूस होते. पुलावरून जाताना तुम्ही ते पाहिले असेलच. तो रंग पाण्याचा नव्हे, मुरबाड-शहापूरकडील डोंगरउतारांवरून वाहून आलेल्या मातीचा होय. बोटभर जाडीचा सुपीक थर तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. उघड्या उतारावरून तो धुपून जाण्यास मात्र थोडे पावसाळे पुरतात. ही हानी ओळखून तिच्यावर इलाज सुचविणारे एक थोर पुरुष महाराष्ट्रात होऊन गेले. ते म्हणजे महात्मा जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म 1827 साली माळी कुटुंबात झाला. वडील गोविंदराव फुलांचा व्यवसाय करीत. मध्यंतरी शाळा सुटली, तेव्हा लहानग्या जोतीने मळ्यात कामही केले. पुढे 1848 साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली आणि 1873 साली सत्यशोधक समाज स्थापिला, हे तुम्ही इतिहासात वाचलेच आहे. परंतु ते स्वतः शेती करीत, मांजरी येथे त्यांची जमीन होती, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

1876 साली दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. गुरे मेली, गावे ओस पडली. धनकवडी येथे जोतीरावांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुष्काळपीडित मुलांच्या भोजनाची सोय केली. शेतकरी असा वरचेवर का नागवला जातो, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यातूनच 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ सिद्ध झाला. लिहून होतील तसतसे त्याचे भाग ते गावोगावच्या लोकांना वाचून दाखवीत. मुंबई, पुणे, जुन्नर, ओतूर, हडपसर आणि आपले ठाणे येथे ही वाचने झाली.

डोंगरावरील पालापाचोळा कुजून त्याचे सत्त्व पावसाबरोबर खाली येते. ते शेतात न मुरता ओढ्याला मिळाले, तर जमीन वर्षानुवर्षे निकस होत जाते, असे जोतीरावांनी या ग्रंथात दाखविले. यासाठी जागोजागी ताली व बंधारे अशा बेताने घालावेत, की पावसाचे पाणी आधी शेतात मुरावे आणि मगच ओढ्यानाल्यास मिळावे. बांधाशी पाण्याचा वेग मंदावतो व माती तेथेच बसते. आपल्याकडील भाताच्या खाचराचा बांध ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. हे काम करावे कोणी? पलटणीतील व पोलिसांतील रिकाम्या शिपायांनी! ही सूचना साहेबलोकांना चमत्कारिक वाटली असेल; मला तरी ती मोठी व्यवहारी वाटते. त्यांच्या मते, मोकळ्या हवेतील श्रमाने शिपायांची प्रकृतीही सुधारली असती. तलावांत व नाल्यांत साचलेला गाळ शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा, गावांची गायराने परत करावीत, अशाही मागण्या त्यांनी केल्या. वाहून गेलेली माती पुन्हा शेतात आणण्याचा याहून सोपा मार्ग तो कोणता?

ग्रंथाची भाषा जहाल होती. सरकार आणि सरकारी अंमलदार, कोणाचीच भीड तीत ठेवलेली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे जिवलग सहकारी. त्यांच्या 'दीनबंधु' पत्रात पहिली दोन प्रकरणे छापली गेली, पण पुढील भाग छापण्यास तेही धजले नाहीत. जोतीरावांना याचा फार राग आला, तरी त्यांनी मजकूर सौम्य केला नाही. हस्तलिखित तसेच राहिले.

28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव निवर्तले. शेतजमिनीची धूप थांबविण्यासाठी बांधबंदिस्तीची कामे हाती घेता यावीत म्हणून मुंबई सरकारने जमीन सुधारणेचा कायदा केला, तो 1942 साली. तेव्हा त्यांना जाऊन 52 वर्षे लोटली होती.